एका सतरंजीवरचीं मुलें

(यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर तालुक्यांत एका खेड्याच्या शाळेंत सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीदिनीं, ३ जानेवारीस, पालकांची सभा भरली. त्या सभेंत तेथील गुरुजींनीं केलेलें भाषण.)



कापसाची शेवटची वेंचणी चालू आहे, तुरी कापणीला आल्या आहेत. अशा दिवसांत अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून तुम्ही शाळेच्या पटांगणांत येऊन बसलांत. तेव्हां हारतुरे आणि आभार यांत तुमचा वेळ न घालवितां आम्ही कामाचेंच बोलतों.

आपल्या शाळेचा पट गेल्या वर्षीं ३३ होता. यंदा तो २६ आहे. सात मुलें सकाळीं पिवळ्या गाडींत बसून तालुक्याच्या गांवीं इंग्रजी शाळेंत जातात. ज्यानें त्यानें आपल्या लेंकराचें बरें पाहावें, त्यांत आम्हांला रागावण्याचें कारण नाहीं. पण ज्या शाळांचा पट वीसच्या आंत आहे अशा शाळा २०२३ सालीं आपल्या महाराष्ट्रांत पंधरा हजारांच्या घरांत होत्या, आणि त्याच सालीं अशा लहान शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव सरकारनें मागविले होते. आणखी सात मुलें गेलीं कीं आपणही त्या यादींत जाऊन बसूं. तरीसुद्धां आज आम्हांला पटाच्या आंकड्याविषयीं बोलावयाचें नाहीं. त्या २६ मुलांत कोण बसतें आणि तीं एकमेकांजवळ बसतात कीं नाहीं, याविषयीं बोलावयाचें आहे.

जातवारी सांगितली म्हणून रागावूं नका. शाळेच्या दाखल्यावर ती लिहावीच लागते, आणि तुमच्याआमच्या डोक्यांत ती दाखल्याच्या आधीं लिहिलेली असते. कुणब्यांचीं सात, पोडावरच्या कोलामांचीं सहा, तांड्यावरचीं चार, बौद्ध वस्तींतलीं तीन, गोंडांचीं दोन, पारध्यांचीं दोन, सुताराचें एक आणि मुसलमानाचें एक. झालीं सव्वीस. यांच्या घरच्या बोली मोजल्या तर वऱ्हाडी, कोलामी, गोंडी, गोरमाटी, पारध्यांची बोली आणि उर्दू मिळून सहा होतात. शिकविणारे आम्ही दोघे. पुस्तक एकाच भाषेचें, आणि तीही पुण्याकडची, जी यांच्यापैकीं कोणाच्याच घरीं बोलली जात नाहीं. कुणब्याच्या पोराला सुद्धां “मी जात आहे” हें शिकावें लागतें. घरीं तो “मी जाऊन रायलो” म्हणतो.

आम्ही अध्यापक विद्यालयांतून बाहेर पडलों तेव्हां वर्गांत दोन प्रकारचीं मुलें असतात असें ऐकत आलों होतों, हुशार आणि मठ्ठ. या जिल्ह्यांत वीसएक वर्षें काढल्यावर आम्हांला तिसराच प्रकार अधिक दिसला, तो म्हणजे गप्प मूल. पोडावरची सहा वर्षांची पोर पहिलींत येऊन बसते. आम्ही म्हणतों पाणी. तिच्या घरीं पाण्याला ईर म्हणतात. आम्ही म्हणतों घर. तिच्या घरीं एल्ला. ती वाईट वागत नाहीं, रडत नाहीं, मार्गशीर्षापर्यंत एक शब्द बोलत नाहीं. पाहणारे पाहुणे मान हलवून म्हणतात, कोलामांचीं पोरें अशींच. अहो, तुम्हांला उद्यां उचलून मद्रासेच्या एखाद्या कचेरींत नेऊन बसविलें आणि समोरचा साहेब तमिळांत विचारूं लागला, तर तुम्ही किती बोलाल? तुम्हांला तेथें कोणी मठ्ठ म्हटलें तर चालेल काय?

आणि ही कोलामी कांहीं मोडकीतोडकी मराठी नव्हे. ती तेलुगु, कानडी, तमिळ यांच्या घराण्यांतली आहे. आमच्या वर्गांत भिंतीवर एक फळा आहे, त्यावर आम्ही रोज एक शब्द घेतों आणि ज्याच्या घरीं जो शब्द असेल तो त्यानें सांगावा, आम्हीं लिहावा, असा परिपाठ ठेवला आहे. एके दिवशीं अंक घेतले. तीन याला कोलामींत मूंदिंग, गोंडींत मूंद. चार याला कोलामींत नालिंग, गोंडींत नालुंग. तेव्हां आदिलाबादेकडे बापाबरोबर मजुरीला जाऊन आलेला तांड्यावरचा पोरगा ओरडला, गुरुजी, तिकडे पण मूडु, नालुगु म्हणतात! पैनगंगेच्या पलीकडची मोठी सरकारी भाषा आणि आमच्या कोपऱ्यांतल्या गप्प पोरीची भाषा एका गोताच्या निघाल्या. त्या दिवशीं त्या पोरीकडे वर्गानें प्रथमच वळून पाहिलें. दुसऱ्या दिवशीं विटीदांडूचे डाव तीं मुलें कोलामी अंकांत मोजूं लागलीं, आणि अंक चुकला तर विचारावयाचें कोणाला? तिलाच. ती बोलूं लागली ती अशी. आम्हीं तिला बोल म्हणून सांगितल्यामुळें नव्हे.

एमेनो नांवाचे एक भाषापंडित १९३५ ते १९३८ या काळांत परदेशांतून आपल्या देशांत आले होते. वर्ध्याकडच्या कोलामांपाशीं बसून त्यांनीं ही बोली उतरून घेतली, आणि १९५५ सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठानें त्यांचें कोलामी भाषेवरचें पुस्तक छापलें. सातासमुद्रांपलीकडच्या विद्वानाला जी भाषा शिकण्याजोगी वाटली, तिचे चार शब्द शेजारच्या गांवाला येऊं नयेत हें नवल आहे. २०११ च्या शिरगणतींत कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या वर होते. आपल्या राज्यांत अतिमागास म्हणून नोंदलेल्या आदिम जमाती तीन आहेत, त्या म्हणजे कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. ही मागास मंडळी, बरें कां, पलीकडे आदिलाबादच्या डोंगरांत राजगोंडांच्या गांवदेवाची पूजा करण्याचा मान धरून होती, असें हायमेनडॉर्फ यांनीं लिहून ठेवलें आहे. कोठें कोण वरचा आणि कोठें कोण खालचा हें नदी ओलांडली कीं बदलतें.

कांहीं पालक आम्हांला विचारतात, गुरुजी, कोलामी आणि गोरमाटी फळ्यावर लिहून पोट भरेल काय? पोट मराठीनें भरेल, इंग्रजीनें अधिक भरेल, हें आम्हांलाही ठाऊक आहे, आणि दोन्ही आम्ही शिकवितोंच. पण जें मूल आपल्या भाषेंत कधीं बोललेंच नाहीं तें दुसऱ्या भाषेंत काय बोलणार? आमचा अनुभव असा कीं ज्या मुलाचा शब्द फळ्यावर आला तें मूल आमचा शब्द लौकर घेतें. ही आमची लहर नाहीं. लहान मुलांना पहिलें शिक्षण मातृभाषेंतून मिळावें म्हणून राज्यघटनेंत १९५६ सालीं ३५० अ हें कलम घातलें गेलें. शक्य तेथवर मातृभाषेंतून शिकवावें असें २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यांतही लिहिलेलें आहे. कायद्यांत लिहिलेलें पुष्कळ असतें. खेड्यांत तें कोणी वाचून दाखवीत नाहीं इतकेंच.

आतां मैत्रीविषयीं. मैत्री ही सक्तीनें होत नाहीं. रोज सकाळीं मुलें प्रतिज्ञा म्हणतात, सगळे बांधव आहेत म्हणतात, आणि सुटीची घंटा झाली कीं पटांगणांत तीन घोळके पडतात. गांवची एक बाजू, पोडाची एक, तांड्याची एक. आम्हीं त्यांना कधीं “जा, एकत्र खेळा” असें सांगितलें नाहीं. दर पंधरा दिवसांनीं चिठ्ठ्या टाकून जोड्या पाडतों. पाण्याची टाकी भरणें, परसबागेला पाणी घालणें, वर्ग झाडणें हीं कामें जोडीनें. कोणाची चिठ्ठी कोणाबरोबर निघावी यांत आमचा हात नाहीं, त्यामुळें तक्रारही नाहीं.

एकदां परसबागेसाठीं टोपल्या हव्या होत्या. कुणब्याचा एक मुलगा आणि पोडावरचा एक, अशी जोडी निघाली. कुणब्याचा मुलगा वखर धरील, बैल हाकील, पण बांबू चिरतांना त्यानें बोट कापून घेतलें. दुसऱ्यानें धावत जाऊन बांधावरचा दगडी पाला आणला, तळहातावर चुरडला, रस पिळला आणि आपल्या सदऱ्याची चिंधी बांधली. मग बांबू चिरून, कामट्या काढून, टोपली विणून दाखविली. त्याच्या बापाच्या हातचें तें पिढीजात काम. टोपली किती खोल करावी, तींत माती किती मावेल, हा हिशेब मात्र पहिल्यानें घातला, कारण गणितांत तो पक्का. त्या दिवसापासून दोघांना वेगळे बसवावयाचें म्हटलें तरी बसत नाहींत. येथें उपकार कोणी कोणावर केला? एकानें दया करून दुसऱ्याला जवळ घेतलें असें झालें नाहीं. दोघांपाशीं देण्यासारखें कांहीं होतें. सुताराच्या मुलाचा गज आणि तांड्यावरच्या मुलींचें कशिदा-आरशांचें काम यांनाही आम्हीं वर्गांत असेंच कामाला लावलें आहे.

परंतु शाळेंत जें विणलें तें घराच्या उंबऱ्यावर उसवतें, आणि तें सांगावयालाच आज तुम्हांला बोलाविलें आहे. या जोडींतला एक मुलगा दुसऱ्याला घरीं घेऊन गेला. कोणाच्या घरीं तें विचारूं नका, कारण ज्याचें त्याला समजलें आहे. त्या घरच्या आजीनें पाहुण्या पोराला ओसरीवर बसविलें, पाणी दिलें, पण पेला वेगळा, कोनाड्यांतला. पोरानें निमूट पाणी प्यालें. दुसऱ्या दिवशीं घरच्या नातवानें आम्हांला वर्गांत विचारलें, “गुरुजी, कोनाड्यांतला पेला कोणासाठीं असतो?” वर्गांत २६ मुलें ऐकत होतीं. आम्हीं सांगितलें कीं पूर्वीं असे पेले पुष्कळ घरीं असत, आणि ते ठेवणें चुकीचें होतें. मुलगा म्हणाला, “पूर्वीं नाहीं, काल.” यावर आम्ही काय सांगावें? उत्तर त्या घरीं आहे.

पाण्याची ही गोष्ट नवी नाहीं. शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं साताऱ्याच्या शाळेंत भीमराव आंबेडकर नांवाचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसे, आणि तहान लागली तर नळाला हात लावण्याची त्याला मोकळीक नव्हती. शिपाई नळ सोडील तेव्हां पाणी. पुढें मुंबईच्या एलफिन्स्टन हायस्कुलांत शिक्षकांनीं त्याला फळ्यावर गणित सोडवावयाला बोलाविलें, तों इतर मुलांनीं एकच गलका केला, कारण त्यांचे जेवणाचे डबे फळ्यामागें ठेवलेले होते. ते डबे विटाळतील म्हणून मुलें धावलीं. ज्या हातानें पुढें देशाची घटना लिहिली त्याच हाताची ही गोष्ट आहे. तीं मुलें जन्मतः दुष्ट होतीं काय? तीं आपआपल्या घरून शिकून आलीं होतीं.

म्हणून एका सतरंजीवर बसणें ही आपोआप मिळालेली गोष्ट नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनीं १८४८ सालीं पुण्यांत मुलींची शाळा काढली. १८५२ च्या सुमारास महारमांगांच्या मुलांसाठीं शाळा काढल्या. त्यांची विद्यार्थिनी मुक्ता साळवे, मांगाची चौदा वर्षांची पोर, तिनें आपल्या लोकांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदयां’त छापून आला. शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीरांत शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेंत घ्यावें असा हुकूम काढला. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह काढून सगळ्या जातींचीं मुलें एका पंगतीला बसविलीं. आपल्या वऱ्हाडांत पंजाबराव देशमुखांनीं अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलें, तेंही सर्व जातींच्या मुलांसाठीं. या मंडळींनीं नुसतीं अक्षरें शिकवावयाचीं असतीं तर वेगळ्या शाळांत तीं शिकवितां आलीं असतीं. त्यांनीं मुलें एकत्र बसविण्याचा हट्ट कां धरला, याचा विचार पिवळ्या गाडीचें भाडें भरतांना एकदां करावा.

कारण आज गांवांत काय चाललें आहे? ज्याच्यापाशीं चार पैसे आहेत त्याचें मूल गाडींतून एका शाळेंत, आदिवासीचें आश्रमशाळेंत, ज्याचे मायबाप दसऱ्यानंतर ऊस तोडावयाला जातात त्याचें तीन-चार महिने कोठेंच नाहीं. आश्रमशाळेनें पुष्कळांचें कल्याण केलें हें आम्ही नाकारीत नाहीं. पण सहाव्या वर्षीं एका गांवचीं मुलें तीन वाटांनीं गेलीं, तर तीं पुन्हां एकमेकांना कोठें भेटणार? विसाव्या वर्षीं भेटतील तीं मालक आणि मजूर म्हणून, बांधाच्या भांडणांत नाहीं तर निवडणुकींत. या सतरंजीवर बसलेलीं निदान एकमेकांचीं नांवें तरी ओळखतील.

पारध्यांच्या दोन मुलांविषयीं दोन शब्द बोलणें भाग आहे. इंग्रज सरकारनें १८७१ सालीं कायदा केला आणि कांहीं जातींच्या जातीच जन्मानें गुन्हेगार ठरविल्या. त्यांत पारधीही ओढले गेले. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. पण वर्गांत पेन्सिल हरवली कीं सगळ्या माना एकाच दिशेला वळतात. आठ वर्षांच्या पोराला ७० वर्षांपूर्वीं मेलेल्या कायद्याची झडती द्यावी लागते. आमच्या वर्गांत नियम असा आहे कीं कोणाचेंही दप्तर कोणी उघडावयाचें नाहीं, आम्हींसुद्धां नाहीं. दाराशीं खोक्यांत जास्तीच्या पेन्सिली ठेवल्या आहेत. हरवली त्यानें घ्यावी, सांपडली त्यानें टाकावी. दोन वर्षांत खोकें रिकामें झालेलें नाहीं. घरींही एवढें करा कीं “पारध्याच्या पोराजवळ बसूं नको” हें वाक्य मुलाच्या कानीं पडूं देऊं नका. पोरें तें शाळेंत घेऊन येतात, आणि ज्याच्यासाठीं तें आहे त्यालाच ऐकवितात.

आणि खिचडी. शाळेंत शिजविलेलें जेवण द्यावें असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ नोव्हेंबर २००१ चा आहे. २००४ सालीं त्याच न्यायालयानें सांगितलें कीं स्वयंपाकाला माणूस नेमतांना दलित आणि आदिवासी यांना प्राधान्य द्यावें. आपल्या शाळेंत बौद्ध वस्तींतली माउली गेलीं सहा वर्षें खिचडी शिजविते. तिच्या हातच्या खिचडीला मुलांनीं कधीं नांव ठेवलें नाहीं. मोठ्यांपैकीं कोणी ठेवलें असेल तर त्यानें येथें उभें राहून बोलावें, आम्ही वाट पाहूं.

शिक्षकाचेंही सांगतों. आम्ही या गांवांत आलों तेव्हां खोली भाड्यानें देण्यापूर्वीं घरमालकानें आडनांव विचारलें. आडनांवावरून उलगडा होईना, तेव्हां गांव विचारलें, मग सोयरे कोठले तें विचारलें, आणि शेवटीं चहा आला. तो चहा आम्ही प्यालों, आणि आज तेच घरमालक आमच्या मुलीच्या आजारांत रात्रीं मोटरसायकलीवर बसवून तिला पांढरकवड्यास घेऊन जातात. माणूस बदलतो हें आम्हीं पाहिलें आहे, म्हणून इतकें बोलतों. बदलीचा कागद आला तर आम्ही जाऊं. परवां पोडावरच्या त्याच पोरीनें आमच्या धाकट्या मुलीला आपल्या बोलींतलें नांव ठेवलें. अर्थ विचारला तर हंसते, सांगत नाहीं. तें नांव आमच्याबरोबर येईल.

आतां कामाचें. शाळा व्यवस्थापन समितींत चारांतले तीन पालक असावेत आणि निम्म्या बाया असाव्यात असा कायदा आहे. आपल्या समितींत पोडावरच्या एका मायबाईचें नांव आहे, वहीवर तिचा अंगठाही आहे, पण ती कधीं आलेली नाहीं. येणार कशी? बैठक दुपारीं बाराला, आणि तेव्हां ती दुसऱ्याच्या वावरांत वेंचणीला असते. म्हणून येत्या रविवारची बैठक सकाळीं सात वाजतां, येथें नाहीं, पोडावर, त्यांच्या चावडीपुढें घ्यावयाची ठरली आहे. दोन विषय आहेत. ऊसतोडीला गेलेल्या घरचीं दोन मुलें मागें ठेवावयाचीं तर तीं कोणाच्या घरीं राहतील आणि धान्य कोण देईल. आणि गाडीनें जाणाऱ्या सात मुलांपैकीं ज्यांना परत यावयाचें असेल त्यांचे दाखले. त्या सातही घरीं निरोप धाडला आहे. सतरंजी आम्ही शाळेंतून घेऊन येऊं. पाणी पोडावरची मंडळी देतील, आणि पेले तेथें एकाच तऱ्हेचे आहेत.